फेनबान: आखन ते लक्झेंबर्ग, जंगलातून जाणारा गाड्यांशिवायचा १२५ किमी सायकल रस्ता

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेले बरेच मराठी लोक सायकल घेतात, चार दिवस गावातल्या गावात चालवतात आणि मग ती तळघरात पडून राहते, कारण गावाबाहेर कुठे जायचं तेच माहीत नसतं. आखनमध्ये राहणाऱ्यांनी तर हे अजिबात करू नये, कारण फेनबान तुमच्या दारातून सुरू होतो. माझं रेटिंग ५ पैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

हा रस्ता म्हणजे जुन्या रेल्वे लाइनचा भराव आहे, रूळ काढून त्यावर डांबर टाकलंय. आखनच्या रोटे एर्डे स्टेशनजवळून निघतो आणि आयफेलच्या डोंगरांतलं जंगल, 'होहेस फेन' नावाची उंचावरची दलदल, बेल्जियमच्या पूर्वेकडची खेडी असं करत लक्झेंबर्गमधल्या त्रुआव्हिएर्ज गावात संपतो. साधारण १२५ किमी, तीन देश, आणि त्यातला बहुतेक सगळा भाग असा की तिथे मोटार येऊच शकत नाही. क्रॉसिंग आहेत, गावातून जाताना कुठे थोडा भाग घरांच्या रस्त्यालगत आहे, पण मागून हॉर्न, बाजूने घासून जाणारा ट्रक, हे नाही. पुण्यात किंवा नागपूरला हायवेच्या कडेने पांढऱ्या पट्टीवर सायकल चालवलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. खांदे खाली येतात. पहिले पाच-सहा किमी आपण सवयीने मागे वळून बघत राहतो आणि मग कधीतरी ते बंद होतं.

आता चढाचं. बऱ्याच जणांना आयफेल म्हटलं की डोंगर दिसतात आणि ते नको म्हणतात. पण कोळशाची गाडी ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून ज्यांनी ही लाइन आखली त्यांनी डोंगराच्या अंगाने वळणं घेत, कुठे खोदून कुठे भराव घालून चढ दोन टक्क्यांच्या आसपासच ठेवलाय. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की फार तर दोन मीटर वर. आखनमधून निघून तुम्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास पोचता, पण तो चढ इतक्या लांबवर पसरलाय की डोळ्यांना रस्ता सपाटच दिसतो. फक्त गिअर एक-दोन खाली येतो आणि पाणी जास्त प्यावं लागतं.

माझे बाबा मागच्या उन्हाळ्यात अकोल्याहून आले होते. सत्तरीला टेकलेत, नोकरीची सगळी वर्षं सायकलवर ड्युटीला गेले, पण निवृत्तीनंतर सायकल सुटली होती. गुडघ्याची तक्रार आहे म्हणून मी त्यांना साधी सायकल भाड्याने घेतली नाही, ई-बाइक घेतली आणि मोटर सगळ्यात कमी लेव्हलला ठेवली. कॉर्नेलीम्युन्स्टरच्या पुढे, जिथे सलग चढ सुरू होतो, तिथे मी धापा टाकत होते आणि हे माझ्या शेजारून सरळ पाठीने बसून विचारतायत, चढ कुठी हाये वं बाई इथं? शेजारून हे महत्त्वाचं. इथे दोघं बाजूबाजूने बोलत चालवू शकतो, समोरून कोणी आलं की एकाने मागे व्हायचं, बस. बाबांशी मी इतका वेळ सलग गप्पा कितीतरी वर्षांत मारल्या नव्हत्या, आणि त्याला कारण रस्ता आहे हे मी खात्रीने सांगते, कारण गाड्यांच्या रस्त्यावर पुढे-मागे चालवताना फक्त ओरडून बोलता येतं.

कॉर्नेलीम्युन्स्टरला जुना दगडी व्हायाडक्ट म्हणजे दरीवरचा कमानींचा रेल्वे पूल आहे, जवळच इंडे नदी आणि जुन्या मठाचं गाव, पहिला थांबा इथेच घ्या. पुढे वालहाइमजवळ चुन्याच्या जुन्या भट्ट्या लागतात. मग रारेन. रारेन हे बेल्जियममध्ये, सोळाव्या शतकात इथली दगडी मातीची भांडी युरोपभर जायची, गावातल्या किल्ल्यात त्याचं म्युझियम आहे. पण बाबा अडकले ते स्टेशनच्या आवारात. तिथे अजून जुने रूळ पडून आहेत, गंजून तपकिरी झालेले, स्लीपरच्या फटीतून बर्चची झाडं उगवून मनगटाएवढी जाड झालीत, एका ठिकाणी तर बुंध्याने रूळाला कवेत घेतल्यासारखं केलंय. बाबा सायकल स्टँडला लावून खाली बसले आणि दोन रूळांमधलं अंतर पावलांनी मोजलं. अकोला-खांडवा मीटरगेज लाइनवर ते तरुणपणी खूप फिरलेत, धूळघाटला जिथे लाइन स्वतःलाच वळसा घालून वर चढायची ते त्यांनी कित्येकदा खिडकीतून बघितलंय, त्यामुळे इथला प्रत्येक मोरीचा दगड आणि प्रत्येक भराव त्यांना वाचता येत होता.

त्या मेळघाटच्या लाइनीवरून आमचं बरंच बोलणं झालं. २०१७ च्या सुरुवातीला तिथली मीटरगेज गाडी बंद झाली आणि ब्रॉडगेज वाघांच्या जंगलातून नको, बाहेरून न्या अशी मागणी झाली. आता हे फेनबानसारखं तिथेही करा असं कोणी म्हणेल, तर माझं मत नाही असंच आहे, मेळघाटच्या आतल्या भागात माणूस कमी गेलेलाच बरा. पण विदर्भात, मराठवाड्यात जंगलाबाहेर ज्या जुन्या लाइनी कायमच्या बंद झाल्यात आणि परत गाडी येणार नाही हे नक्की आहे, त्यांचा भराव अतिक्रमणात किंवा शेतात जाण्याआधी सलग एका हातात राहिला पाहिजे, हे मला इथे येऊन पटलं. फेनबान होऊ शकला तो जमीन तुकड्यातुकड्यात विकली गेली नाही म्हणून.

आणि जमीन का विकली गेली नाही याचा इतिहास जबरदस्त आहे. लाइन बांधली प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्याच्या, सरकारी रेल्वेने, १८८० च्या दशकात, आखनचा कोळसा दक्षिणेला आणि लक्झेंबर्ग-लोरेनचं लोखंडाचं खनिज उत्तरेला आणायला. १८८५ ला मोनशाऊपर्यंत गाडी आली, १८८९ पर्यंत लक्झेंबर्गला जोडली. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने ऑयपेन-माल्मेदीचा भाग बेल्जियमला गेला, आणि ही लाइन मध्येच जर्मनीतून जात असल्यामुळे लाइनची पट्टीसुद्धा बेल्जियमला दिली. त्यामुळे पट्टीच्या पश्चिमेकडची काही जर्मन गावं आणि जंगल उरलेल्या जर्मनीपासून तुटली. आजही असे पाच तुकडे आहेत, त्यातला र्‍युकश्लाग तर एका घराचा आणि त्याच्या अंगणाचा आहे. रूळ गेले, गाडी गेली, पण सीमा तशीच राहिली, आणि तिच्याबरोबर ही पट्टीही सलग राहिली. म्हणजे कोन्त्सेनच्या आसपास तुम्ही डांबरावर असता तेव्हा बेल्जियममध्ये असता आणि दोन्ही बाजूंच्या गवतात पाय ठेवला की जर्मनीत. पाटी सोडली तर काही कळत नाही, मोबाइलला मात्र कळतं, नेटवर्क सारखं बदलत राहतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत कॉफीवर इतका कर होता की या भागातले लोक रात्री बेल्जियममधून कॉफीची पोती पाठीवर मारून आणायचे, १९५३ मध्ये कर कमी केला तेव्हा तो धंदा बसला. म्युत्सेनिखमध्ये लोक अजूनही त्या गोष्टी सांगतात. रोएटगेन हे अमेरिकन सैन्याने घेतलेलं पहिलं जर्मन गाव, सप्टेंबर १९४४. आणि लामर्सडोर्फजवळ रस्त्यापासून थोडं आत गेलं की रणगाडे अडवायला बांधलेल्या काँक्रीटच्या दातांच्या रांगा कुरणातून जाताना दिसतात, त्यात आता गाई चरतात. मुलांना घेऊन जाणार असाल तर हे आवर्जून दाखवा.

रोएटगेनच्या पुढे मात्र जंगल खरं सुरू होतं आणि माझ्या मते सगळ्या रस्त्यातला हाच जीव आहे. दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडं, सरळ रांगेत, कारण ही मूळची नाहीत, एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सरकारने दलदलीत चर खणून, पाणी काढून लाकडासाठी लावलेली. झाडांखाली इतका अंधार की खाली काही उगवत नाही, नुसत्या सुयांचा तपकिरी थर आणि मॉस. २०१८ च्या दुष्काळापासून या झाडांना सालकिड्याने खाल्लंय, त्यामुळे मध्येच मोठे पट्टे तोडून मोकळे केलेले दिसतात, आणि तिथे आता बर्च आणि रोवन आपोआप येतायत. पहिल्यांदा बघताना ती मोकळी जागा बघून वाईट वाटतं, पण तिथेच पक्षी जास्त ऐकू येतात हेही खरं.

मग झाडं संपून फेन दिसतं, उंचावरची दलदल, पिवळट गवत, काळं पाणी, जूनमध्ये कापूसगवताचे पांढरे गोंडे. बेल्जियमचं सगळ्यात उंच ठिकाण बोत्रांज, ६९४ मीटर, इथून जवळच. वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, पाऊस कधीही. आखनला ऊन आहे म्हणून नुसत्या टीशर्टवर निघू नका, वर आठ-दहा मिनिटांत धुकं येतं आणि हात गार पडतात. विंडचीटर जुलैमध्येसुद्धा बॅगेत पाहिजे. आखनहून मोनशाऊपर्यंत साधारण ४० किमी होतात आणि एका दिवसात जाऊन-येऊन करणाऱ्यांसाठी तेवढं पुरेसं आहे, येताना जवळपास सगळा उतार.

मोनशाऊ बघायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, रस्ता वर आहे आणि गाव खाली रुर नदीच्या घळीत. खाली जाताना मजा येते पण परत वर येताना तो चढ रेल्वेचा नाही, खराखुरा आहे, गुडघेवाल्यांनी ढकलत यावं किंवा वरूनच पुढे जावं. गाव मात्र सुंदर आहे, लाकडी चौकटीची उंच घरं, पाटीच्या दगडाची छपरं, १८८२ पासूनची मोहरीची चक्की, तिथली मोहरीची चटणी बाबांनी अकोल्याला नेली आणि आता थालीपिठाबरोबर खातात म्हणे. रविवारी दुपारी गाव बसने आलेल्या लोकांनी भरून जातं, तेव्हा जाऊ नका, सकाळी जा.

काल्टरहेरबेर्गच्या पुढे सूरब्रॉटकडे जाताना शेजारी जुने रूळ अजून आहेत आणि त्यावर पायडल मारत चालवायच्या गाड्या भाड्याने मिळतात, चार जण बसतात. ज्या घरात एकाला सायकल येत नाही त्यांच्यासाठी हे चांगलं आहे. याच मार्गावर १९९० ते २००१ पर्यंत पर्यटकांसाठी गाडी चालवली होती, ती परवडेना म्हणून बंद झाली, आणि सायकल रस्ता म्हणून पूर्ण उद्घाटन झालं ते २०१३ ला.

सूरब्रॉट, वेम इथे फ्रेंच, सांक्ट फीटला परत जर्मन, तेही बेल्जियममध्येच. सांक्ट फीट डिसेंबर १९४४ मध्ये बॉम्बफेकीत जवळजवळ सगळं पडलं, जुना ब्युखेल बुरूज तेवढा उरला. गाव त्यामुळे दिसायला नवीन आणि साधं आहे, पण राहायला, जेवायला आणि सायकल दुरुस्तीला सोयीचं. दोन दिवसांत पूर्ण करणाऱ्यांनी मुक्काम इथे किंवा थोडं आधी वेमला करावा. त्यापुढचा तुकडा सगळ्यात शांत आहे, ऊर नदीचं खोरं, बुर्ग-रॉयलँडचा पडका किल्ला, आणि आठवड्यातल्या दिवशी गेलात तर अर्धा-अर्धा तास माणूस दिसत नाही. लेंगेलरजवळ रेल्वेचा बोगदा आहे पण तो वटवाघळांसाठी बंद ठेवलाय, त्यामुळे रस्ता डोंगरावरून जातो आणि शेवटी शेवटी पाय थकलेले असताना चढ लागतो. काही जण याबद्दल कुरकुर करतात. मला वटवाघळांचा हक्क आधीचा वाटतो, दहा मिनिटं ढकलायला लागलं तर लागलं.

खाणंपिणं. आखन ते मोनशाऊ काही अडचण नाही, जुन्या स्टेशनांच्या इमारतीत किंवा बाजूला कॅफे आहेत, सायकल लावायला जागा, ई-बाइक चार्जिंग बऱ्याच ठिकाणी. या भागात तांदळाचा फ्लाडन मिळतो, पावासारख्या पीठाच्या पातळ पारीत दुधात शिजवलेला तांदूळ घालून भाजलेला, म्हणजे दाटसर तांदळाच्या खिरीची वडी समजा, वेलची नसलेली. शाकाहारी लोकांना चाळीस किमीनंतर यापेक्षा चांगलं काही नाही, बाबांनी दोन खाल्ले. बेल्जियमच्या हद्दीत फ्राइज चांगले, पण आधी विचारा कशात तळलेत, कारण जुन्या पद्धतीत गाईची चरबी वापरतात, आपल्याकडच्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. सांक्ट फीट सोडलं की दुकानं विरळ होतात, आणि रविवारी जर्मनीतली सुपरमार्केट बंदच, त्यामुळे चिवडा, केळी, दोन बाटल्या पाणी हे सोबत पाहिजेच. सोमवारी-मंगळवारी काही कॅफे बंद असतात तेही बघून घ्या.

आता अर्धा स्टार कुठे गेला ते. एक म्हणजे क्रॉसिंग. रस्ता कितीतरी ठिकाणी गाड्यांचा रस्ता ओलांडतो आणि तिथे थांबायचं सायकलवाल्यानेच, गाड्या चांगल्या वेगात येतात. मध्ये खांब किंवा आडवे बार लावलेत जेणेकरून आपण हळू होऊ, पण मागे मुलांची ट्रॉली लावलेल्या आईबापांना ते बार फार त्रासाचे होतात, आमच्या शेजारणीला दर वेळी उतरून ट्रॉली तिरकी करावी लागली. दुसरं, सुट्टीच्या दिवशी आखन ते रोएटगेन भागात गर्दी असते, कुत्री, स्केटिंगवाले, आजी-आजोबा, आणि त्यातून पस्तीसच्या स्पीडने जाणारे रेसिंगवाले. वेगाने चालवायचंय त्यांनी पहाटे निघावं किंवा मोनशाऊच्या पुढे जावं, तिथे मोकळं रान आहे. आणि ज्यांना घाट चढायचीच हौस आहे, सिंहगड, खंबाटकी वगैरे करणारी मंडळी, त्यांना हा रस्ता सारखाच वाटेल, त्यांनी फेनबान धरून मध्येच आयफेलच्या बाजूच्या रस्त्यांवर उतरावं, तिथे पाहिजे तेवढे चढ आहेत.

डांबर जवळपास सगळीकडे चांगलं आहे, रोड बाइकचे २५-२८ एमएमचे टायर चालतात, पण जंगलात झाडांच्या मुळांनी काही ठिकाणी डांबर उचललंय आणि शरद ऋतूत ओली पानं पडून घसरडं होतं. दिवे नाहीत. ऑक्टोबरनंतर चार-साडेचारलाच जंगलात अंधारून येतं, त्यामुळे पुढचा दिवा चांगला पाहिजे, नुसता लुकलुकणारा नको. पाट्या छान आहेत, पूर्व बेल्जियममध्ये चौकाचौकात आकडे दिलेत, ते आकडे कागदावर लिहून घेतले की मोबाइल काढावाच लागत नाही.

सायकल भाड्याने घेणार असाल तर निघण्याआधी दुकानासमोरच दोन फेऱ्या मारून ब्रेक तपासा. आम्हाला एका दुकानातून मिळालेल्या सायकलचा मागचा ब्रेक पूर्ण दाबला तरी चाक फिरत होतं, सांगितल्यावर त्यांनी वायर ओढून दिली पण तोंड वाकडं करून, आणि येतानाचा इतका लांब उतार बघता हे त्यांनीच आधी बघायला हवं होतं. वयस्कर माणसासाठी घेताना वरची आडवी दांडी नसलेली फ्रेम मागा, साडी किंवा सलवार घालणाऱ्या आईसाठीसुद्धा तीच बरी, आणि सीट बदलून मागितलं तर देतात.

पूर्ण १२५ किमी करायचं असेल तर माझा सल्ला उलटं करा, म्हणजे त्रुआव्हिएर्जहून निघून आखनला या. सुरुवातच उंचावर होते, बोगद्यावरचा चढ ताज्या पायाने होऊन जातो, आणि शेवटच्या दिवशी लामर्सडोर्फपासून घरापर्यंत उतार. त्रुआव्हिएर्जला जायला आखनहून लिएज आणि तिथून लक्झेंबर्गकडे जाणारी ट्रेन, सायकलचं तिकीट बेल्जियमच्या भागासाठी वेगळं काढावं लागतं. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून ट्रेन-बस सगळ्यांना फुकट आहे आणि सायकलही फुकट, त्यामुळे एक दिवस जास्त असेल तर आधी लक्झेंबर्ग शहरात राहा आणि सकाळच्या गाडीने वर या. मे-जून आणि सप्टेंबर हे महिने मला सगळ्यात बरे वाटतात, जुलैमध्ये हॉटेलं लवकर भरतात. बाबा परत पुढच्या जूनमध्ये येतायत आणि या वेळी सांक्ट फीटचा मुक्काम धरून पूर्ण करायचं ठरलंय, खोली मी आत्ताच बुक केलीय, सायकली ठेवायला कुलूपबंद शेड आहे की नाही हे फोन करून विचारून, तुम्हीही ते विचारूनच पैसे भरा.